फार्म. डी. नंतरची पहिली नोकरी: औषध दुकान की दीर्घकालीन शुश्रूषा केंद्राची फार्मसी?

प्रश्न: कागलची_फार्मडी

सर्वांना नमस्कार. मी फार्म. डी. म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसीचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम इंटर्नशिपसह पूर्ण केला असून महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे माझी नोंदणीही झाली आहे. सध्या माझ्यासमोर दोन नोकऱ्या आहेत आणि महिनाअखेरपर्यंत एकीला होकार कळवायचा आहे. पहिली नोकरी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका साखळी औषध दुकानात आहे. काम काउंटरवरचे, पाळ्या बदलत्या, दुसरी पाळी रात्री साडेदहाला सुटते, आणि पगार दुसऱ्या नोकरीपेक्षा दरमहा तीन हजार रुपयांनी जास्त आहे. दुसरी नोकरी पन्हाळा रस्त्यावरील एका खासगी शुश्रूषा केंद्राच्या फार्मसीत आहे. पक्षाघात झालेले, पार्किन्सनचे, स्मृतिभ्रंशाचे, खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेले असे साठेक रुग्ण तिथे महिनोन्‌महिने राहतात. त्यांची औषधे मागवणे, प्रत्येकाच्या वेळेनुसार लावून देणे आणि साठा सांभाळणे एवढे काम जाहिरातीत लिहिले आहे. मुलाखतीत मात्र ‘पुढे क्लिनिकल कामही बघू’ असे तोंडी सांगण्यात आले.

इंटर्नशिपमध्ये डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरण्याची, केसपेपर वाचण्याची आणि औषधांच्या परस्परक्रिया शोधण्याची सवय लागली आहे. दुकानात बसल्यावर ती मोडेल, असे माझ्या वर्गातल्या बहुतेकांचे म्हणणे आहे आणि ‘गोळ्या मोजायला डी. फार्म.ची पदविका पुरे होती’ हा टोमणा तर घरातूनही ऐकून झाला आहे. उलट वडिलांचे मत असे की, कागलमध्ये कधीतरी स्वतःचे मेडिकल टाकायचे असेल तर दुकानाचा अनुभव आधीच घेतलेला बरा. परदेशातील परीक्षांचा विचारही मी अजून पूर्णपणे सोडलेला नाही. ज्यांनी या दोन्हींपैकी एक किंवा दोन्ही प्रकारची कामे केली आहेत, त्यांनी कृपया प्रत्यक्ष काम कसे असते ते सांगावे. पगारातील फरकाकडे मी सध्या दुर्लक्ष करू शकते. रात्रीच्या प्रवासाकडे मात्र नाही.

उत्तर: लक्ष्मीपुरी_काउंटर

ताई, मी लक्ष्मीपुरीत औषध दुकान चालवतो, तेव्हा माझे मत दुकानाच्या बाजूने झुकणार हे गृहीत धरूनच पुढचे वाचा.

गोळ्या मोजण्याचा टोमणा मारणाऱ्यांनी बाजाराच्या दिवशी दुपारी, खरेदीसाठी आलेली खेड्यापाड्यांतील माणसे परतीच्या गाडीआधी औषधे घ्यायला येतात त्या वेळी, कोणत्याही दुकानात तासभर उभे राहून पाहावे. संधिवाताच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट लिहिलेले असते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि ती रोज घेतली गेली तर तोंडात फोड येण्यापासून रक्तपेशी धोकादायकरीत्या घटण्यापर्यंत मजल जाते, प्रसंगी जीवही जातो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वार लिहिलेला असतो, पण शाहूवाडीहून आलेल्या आजीला तो वाचता येत नाही आणि सोबत आलेल्या नातवाचे लक्ष मोबाईलमध्ये असते. त्या वेळी ‘आजी, ही गोळी फक्त रविवारी, आणि फॉलिक अ‍ॅसिडची दुसरी पिवळी गोळी वेगळ्या दिवशी’ असे सांगून, तेच तिच्याकडून पुन्हा वदवून घेऊन, पाकिटावर ठळक अक्षरांत ‘रविवार’ लिहून देणारा माणूस म्हणजे फार्मासिस्ट. हे काम वॉर्डात शिकवले जात नाही, कारण वॉर्डात गोळी सिस्टरच्या हातून जाते. दुकानात रुग्ण आणि त्याचे घर यांच्यामध्ये तुमच्याखेरीज कोणीच नसते, आणि तुमच्याकडे वेळही दोन मिनिटांचाच असतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. स्वतःचे दुकान टाकायचे असेल तर खरेदी शिकावी लागते आणि ती पुस्तकातून येत नाही. किंमत नियंत्रणाखालील औषधांवर 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार किरकोळ विक्रेत्याला खरेदी किमतीवर 16 टक्के नफा धरलेला आहे. त्यातून शेजारच्या दुकानाच्या बरोबरीने सूट दिली, मुदत संपत आलेला माल वेळेत स्टॉकिस्टला परत केला नाही आणि उधारी वाढू दिली, की महिनाअखेरीस हातात काय उरते हे दुकानात बसल्याशिवाय कळत नाही. औषध नियमांतील शेड्यूल एच वन या यादीमधील प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. ती रोजच्या रोज लिहिण्याची शिस्तही पहिल्या वर्षातच अंगवळणी पडली तर पडते.

एक सावधगिरी मात्र सांगतो. नोकरी घेण्यापूर्वी त्या दुकानाच्या परवान्यावर तुमचे नाव लागणार आहे का, आणि लागणार असेल तर तुमच्या पाळीबाहेरच्या वेळेत दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असणार आहे का, हे स्पष्ट विचारा. चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. भिंतीवर प्रमाणपत्र लावून माणूस घरी, हा प्रकार आपल्या व्यवसायात नवा नाही, आणि अन्न व औषध प्रशासनाची तपासणी आली की उत्तर ज्याचे प्रमाणपत्र त्याला द्यावे लागते. साखळी दुकानांत ही बाब सहसा नीट सांभाळलेली असते, पण विचारण्यात कमीपणा नाही.

उत्तर: करवीर_ते_इलिनॉय

मी मूळचा कोल्हापूरचा. अमेरिकेत काही वर्षे साखळी औषध दुकानात काम केले आणि आता वृद्धसेवा केंद्रांना औषधे पुरवणाऱ्या फार्मसीत आहे. इकडचे चित्र सांगतो, मात्र ते तुमच्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाही, हे ध्यानात ठेवा.

इथे या प्रकाराला ‘लाँग टर्म केअर फार्मसी’ म्हणतात आणि तिचे दार ग्राहकांसाठी उघडेच नसते. आमच्या फार्मसीत रुग्ण कधीच येत नाही. येतो तो नर्सचा फोन, डॉक्टरांचा आदेश आणि रुग्णालयातून केंद्रात परतलेल्या रुग्णाची पाच पानी औषधयादी. गोळ्या महिन्याच्या कप्प्यांच्या कार्डात भरून जातात, काही केंद्रांना वेळेनुसार बांधलेल्या पुड्यांच्या माळा जातात, आणि मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेच्या औषध विम्याखालील बहुतेक ब्रँडेड गोळ्या 2013 पासून एका वेळी 14 दिवसांपेक्षा जास्त पाठवता येत नाहीत, कारण रुग्णाचे औषध बदलले की उरलेला माल वाया जातो. गाड्या संध्याकाळी आणि रात्री सुटतात. मध्यरात्री ताप आलेल्या रुग्णासाठी प्रत्येक केंद्रात आणीबाणीच्या औषधांची सीलबंद पेटी असते, आणि ती उघडली की नोंद व भरणा आमच्याकडून होतो. दुकानातील रांग, विम्याची नकारघंटा आणि लसीकरणाची घाई यांतून सुटका होते हे खरे, पण ‘शांत नोकरी’ म्हणून कोणी या वाटेला येत असेल तर शुक्रवारी संध्याकाळी पाच केंद्रांत एकाच वेळी नवे रुग्ण दाखल झाले की काय होते, ते त्याने पाहावे.

आता मुद्द्याची गोष्ट. पदवीनंतर दीर्घकालीन सेवेत जाणाऱ्या मुलामुलींची समजूत अशी असते की आपण लगेच सल्लागार फार्मासिस्ट होणार. प्रत्यक्षात नव्या माणसाला बहुधा आतल्या बाजूचे काम मिळते: आदेश पडताळणे, कार्डे तपासणे, फोन घेणे. केंद्रात जाऊन केसपेपर वाचणारा सल्लागार हा वेगळा माणूस असतो आणि तो तिथे आहे तो कायद्यामुळे आहे. 1987 च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्यानंतरच्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक रहिवाशाच्या सर्व औषधांचा फार्मासिस्टने महिन्यातून किमान एकदा आढावा घेतलाच पाहिजे, खटकणारी बाब डॉक्टरांना लेखी कळवलीच पाहिजे, आणि डॉक्टरांनी सूचना मान्य केली नाही तर त्याचे कारण केसपेपरवर लिहिलेच पाहिजे. मनोविकारांवरची ‘लागल्यास द्या’ अशी औषधे 14 दिवसांच्या पुढे चालू ठेवायची असतील तर त्यालाही कारण नोंदवावे लागते. हा पाठिंबा असल्यामुळेच आमच्या सूचनेला वजन आहे.

त्या आढाव्यात सापडते काय? ठरावीक साखळीचेच उदाहरण देतो. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होते आणि पावलांवर सूज येते. ती सूज हृदयाची समजून लघवी वाढवणारे फुरोसेमाइड दिले जाते. त्याने रात्री तीनदा लघवीला उठावे लागते, पोटॅशियम घटते, आणि एके रात्री आजोबा शौचालयाच्या उंबऱ्याशी पडतात. मग वेदनेसाठी डायक्लोफेनॅक येते, त्याने मूत्रपिंडावर ताण पडतो. एकेक चिठ्ठी सुटी वाचली तर कोणतीही चुकीची वाटत नाही. चार महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या तरच पहिली गोळी दोषी असल्याचे दिसते. दुकानात ही साखळी जवळजवळ दिसतच नाही, कारण चौथी चिठ्ठी घेऊन येणाऱ्याने पहिल्या तीन दुसरीकडून घेतलेल्या असतात. वृद्धांमध्ये टाळावयाच्या औषधांची बियर्स यादी 1991 साली शुश्रूषागृहांतील रहिवाशांसाठीच तयार झाली, आणि तिचे कारणही हेच होते.

परदेशाबद्दल थोडक्यात. 2003 नंतर पदवी घेतलेल्यांना अमेरिकेतील समकक्षता परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांची बी. फार्म. तिथे अडते, तुमची सहा वर्षांची फार्म. डी. चालते. त्यानंतर इंग्रजीची चाचणी, राज्याच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षणाचे तास, परवान्याची परीक्षा आणि कायद्याची परीक्षा असा क्रम आहे. कोल्हापुरातील दोनपैकी कोणती नोकरी केली यावर ही पात्रता ठरत नाही, तेव्हा हा मुद्दा निवडीतून बाजूला काढा.

मला विचाराल तर, केंद्रात तुम्हाला केसपेपर आणि रक्ताचे अहवाल वाचू देणार असतील तर ती नोकरी घ्या. नसतील तर ते पुड्या बांधण्याचे काम आहे, आणि त्यापेक्षा लक्ष्मीपुरीच्या काकांचे म्हणणे ऐका.

उत्तर: वॉर्ड_फार्मासिस्ट

वरील दोन्ही उत्तरे पटतात, पण इलिनॉयच्या सरांचा शेवटचा निकष मला अपुरा वाटतो. केसपेपर वाचू देणे ही सोपी गोष्ट आहे. वाचून लिहिलेल्या टिपणाला डॉक्टर उत्तर देतात का, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे महिन्याच्या आढाव्याची कायदेशीर सक्ती नसल्यामुळे सगळे त्या एका डॉक्टरांच्या स्वभावावर चालते. मी स्वतः खासगी रुग्णालयात काम करते आणि माझा अनुभव असा की, व्हिजिटिंग डॉक्टर आठवड्यातून दोनदा घाईत येऊन जात असतील तर उत्तम टिपणसुद्धा फाईलमध्ये तसेच पडून राहते.

शिवाय अशा केंद्रांत परस्परक्रियांपेक्षा कितीतरी साधे आणि तातडीचे काम असते, ज्याचा उल्लेख वर आला नाही. नाकातील नळीने अन्न घेणाऱ्या रुग्णाच्या सगळ्या गोळ्या मावशी एकत्र कुटून पाण्यात घालतात. त्यात आम्लपित्ताची पँटोप्राझोल असते, जिचे आवरण पोटातील आम्लापासून औषधाचा बचाव करण्यासाठीच असते. मधुमेहाची सावकाश सुटणारी मेटफॉर्मिन असते, जी कुटली की दिवसभराचा डोस एकदम मिळतो. फिट्सचे फेनिटोइन असते, जे नळीतून जाणाऱ्या अन्नाबरोबर नीट शोषले जात नाही. ही यादी करून खलबत्त्याशेजारी लावणे, कुठे द्रवरूप मिळते ते शोधणे आणि कुठे दुसरे औषध मागायचे ते डॉक्टरांना सुचवणे, एवढे जरी पहिल्या महिन्यात केले तरी तुमचे स्थान बदलते. त्यासाठी कुणाच्या परवानगीची फारशी गरजही पडत नाही.

दुकानात एक वर्ष घालवल्याने क्लिनिकल ज्ञान गंजते, हे मात्र मला मान्य नाही. आमच्याकडे येणाऱ्या फार्म. डी. मुलांना औषधांचे रेणू तोंडपाठ असतात, पण दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत रक्तदाबाचे एकच टेल्मिसार्टन आहे हे चटकन ओळखता येत नाही, आणि आपल्या बाजारात हीच दुबार औषधे सर्वांत जास्त सापडतात. ही नजर काउंटरवरच येते.

पुन्हा: कागलची_फार्मडी

तिघांचेही मनापासून आभार. काल केंद्रात जाऊन तुमचे प्रश्न विचारले. फार्मसीला स्वतंत्र परवाना आहे आणि त्यावर माझेच नाव लागणार आहे. केसपेपर पाहायला हरकत नाही असे प्रशासकांनी सांगितले. तेथील निवासी डॉक्टर तरुण आहेत आणि पूर्णवेळ आहेत. नळीने गोळ्या देण्याविषयी मी विचारले तेव्हा त्यांनीच ‘ही यादी तुम्ही कराल का’ असे उलट विचारले. फिजिशियन मात्र बाहेरून, दर गुरुवारी येतात. सध्या सिस्टर दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या पट्ट्यांतून काढून लहान डब्यांत भरतात आणि डब्यांवर फक्त रुग्णाचे नाव व वेळ लिहितात. हे मला खटकले, पण पहिल्याच भेटीत मी बोलले नाही. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच असून रविवार आलटून पालटून आहे. माझा कल आता तिकडे झुकला आहे. कोणाला अजून काही धोका दिसत असेल तर सांगावे.

उत्तर: वॉर्ड_फार्मासिस्ट

निवासी डॉक्टर पूर्णवेळ आहेत म्हटल्यावर माझा मुख्य आक्षेप उरत नाही. डब्यांचे जे खटकले ते अगदी बरोबर खटकले. पट्टीतून बाहेर काढलेल्या गोळीवर ना नाव राहते, ना बॅच क्रमांक, ना मुदत. गुरुवारी फिजिशियननी डोस बदलला तर डब्यातील चार पांढऱ्या गोळ्यांपैकी कोणती काढायची हे रात्रपाळीच्या सिस्टरने कशावरून ओळखायचे? गोळी तिच्या कप्प्यासह कापून ठेवणे आणि आठवड्याऐवजी एका दिवसाचाच भरणा करणे, असे करून पाहा. कापताना मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत राखायचा आणि त्याच टोकाकडून सुरुवात करायची नाही, हे सिस्टरना एकदा हाताने करून दाखवावे लागेल. आणि हा बदल त्यांची चूक म्हणून मांडू नका. रविवारचे तीन तास वाचतील असे सांगा, ते खरेही आहे.

क्लिनिकल कामाचे तोंडी आश्वासन नेमणूकपत्रात उतरवून घ्या. ‘दर गुरुवारी फिजिशियनांच्या फेरीस उपस्थित राहणे’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे, कारण फेरीत तुम्ही हजर असाल तर टिपण फाईलमध्ये पडून राहण्याचा प्रश्नच येत नाही.

उत्तर: लक्ष्मीपुरी_काउंटर

ताई, केंद्र घ्या, माझी हरकत नाही. एक धोका मात्र राहिला आहे आणि तो या दोघांना सुचणार नाही, कारण त्यांच्या दारात पाणी आलेले नाही. ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता, 2021 च्या जुलैत पुन्हा तेच झाले, आणि दोन्ही वेळा शहराच्या सखल भागातील दुकाने व गोदामे भिजली. स्टॉकिस्टकडे माल असून तो पोहोचत नव्हता. दुकानात असताना ग्राहकाला ‘दुसरीकडे बघा’ म्हणता येते; तुमच्या साठ रुग्णांना तसे म्हणता येणार नाही. इन्सुलिन, फिट्सची औषधे, पार्किन्सनची लेव्होडोपा, रक्त पातळ करणारी औषधे आणि थायरॉईडची गोळी यांचा जूनच्या पहिल्या आठवड्यातच तीन आठवड्यांचा जादा साठा करण्याची परवानगी प्रशासकांकडून आताच घ्या. पार्किन्सनचे औषध एकाएकी तुटले की रुग्ण ताठरतो, फिट्सचे तुटले तर काय होते ते तुम्हाला माहीत आहेच. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये लागते, तेव्हा फ्रीज जनरेटरच्या लाइनवर आहे की नाही हे विचारून थांबू नका, मुख्य स्विच बंद करायला लावून पाहा. वापरात असलेल्या पेनांवर उघडल्याची तारीख लिहिलेली आहे का, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.

आणि दुकान कधी टाकावेसे वाटलेच तर रविवारच्या सुटीला माझ्याकडे येऊन खरेदीची वही बघत जा. वडिलांनाही घेऊन या.